हातावर साखर ठेवून निरोप

बिहारमधल्या मुंगेरजवळ मिर्झापूर नावाचं एक गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तिथले काही गवळी दुधासाठी नव्हे, तर रंगासाठी गाई बाळगत. या गाईंना खायला आंब्याची पानं आणि प्यायला पाणी, एवढाच रतीब. त्यांची लघवी मडक्यांत धरायची, विस्तवावर तापवायची, खाली बसलेला साका फडक्यातून गाळून घ्यायचा, त्याचे गोळे वळायचे आणि ते आधी निखाऱ्यांवर, मग उन्हात सुकवायचे. या गोळ्यांना तिथे ‘पिउरी’ म्हणत. नाव ऐकून आपली पिवडी आठवते, पण पिवडी ही माती. पिउरीचा मातीशी संबंध नव्हता. कोलकात्याहून ती युरोपात जाई आणि ‘इंडियन यलो’ या नावानं चित्रकारांच्या हाती पडे.

१८८३ साली त्रैलोक्यनाथ मुखर्जी या सरकारी अधिकाऱ्यानं, म्हणजे पुढे बंगालीत विनोदी लेखक म्हणून गाजलेल्या गृहस्थांनी, हा सगळा व्यवहार स्वतः पाहिला आणि लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सला कळवला. नुसत्या आंब्याच्या पानांवर जगणाऱ्या त्या गाई पार खंगलेल्या दिसत होत्या, हेही त्यांनी लिहून ठेवलं. पुढे शंभरेक वर्षांनी या हकिगतीवर शंका घेतली गेली, कारण दुसरा साक्षीदार सापडेना. पण मुखर्जींनी पाठवलेले नमुने लंडनजवळच्या क्यू उद्यानात जपून ठेवलेले होते. ते अलीकडे तपासले गेले, २०१९ साली निष्कर्ष छापून आला, आणि नमुन्यांत जनावराच्या लघवीची रासायनिक खूण सापडली. मुखर्जी खरं बोलत होते.

मला या गोष्टीत रंगापेक्षा गाईचं यकृत जास्त महत्त्वाचं वाटतं. आंब्याच्या पानात मँगिफेरिन नावाचा पदार्थ असतो. गाईच्या शरीरात त्यापासून युझँथोन तयार होतं. हे युझँथोन शरीराच्या काही कामाचं नाही आणि ते पाण्यात धड विरघळतही नाही. मग यकृत त्याला ग्लुकोजच्या एका चुलतभावाचा, ग्लुकुरोनिक आम्लाचा, एक कण चिकटवतं आणि ही जोडी लघवीवाटे बाहेर काढून देतं. तिचंच नाव युझँथिक आम्ल, आणि त्याचा मॅग्नेशियमचा क्षार म्हणजे इंडियन यलो. चित्रकार कॅनव्हासवर जे फासत होते ते गाईनं बाहेर घालवलेलं ओझं होतं. डोकं दुखतं म्हणून तुम्ही काल पॅरासिटामॉलची गोळी घेतली असेल, तर तुमच्या यकृतानंही नेमका हाच उद्योग केला. रंग तेवढा निघाला नाही.

आपल्याकडे घराबाहेर पडणाऱ्याच्या हातावर दहीसाखर ठेवतात. यकृताची रीत साधारण तीच आहे. कुणाला निरोप द्यायचा तर हातावर साखर ठेवून. इथली साखर मात्र गोड नसून आंबट गोत्रातली. या क्रियेला ग्लुकुरोनिडेशन म्हणतात, आणि साखर ठेवणारं जे विकर, रोजच्या बोलण्यातलं एन्झाइम, त्याचं नाव यूडीपी-ग्लुकुरोनोसिलट्रान्सफरेज. हे नाव एका दमात म्हणता येत नाही, म्हणून सगळं जग त्याला यूजीटी म्हणतं. आपणही तेच म्हणू.

साखर लावायची गरज का पडते, हे तुपाचे हात नुसत्या पाण्यानं धुऊन पाहिलेल्याला सांगावं लागणार नाही. बहुतेक औषधं थोडीफार तेलकट स्वभावाची असतात, आणि ती तशीच असावी लागतात. नाहीतर आतड्याच्या आणि पेशींच्या स्निग्ध पडद्यांतून ती आत शिरणार कशी? पण आत शिरायला जो गुण उपयोगी पडतो तोच बाहेर पडताना आड येतो. मूत्रपिंडानं असा पदार्थ गाळून बाहेर टाकला तरी तो नळीच्या भिंतीतून गुपचूप परत रक्तात येतो. ग्लुकुरोनिक आम्लाचा कण चिकटला की पदार्थाला पाण्याची ओढ लागते, त्यावर विद्युतभार येतो, आणि परतीचा रस्ता बंद होतो. मग तो लघवीतून किंवा पित्तातून निघून जातो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की इथे विषाचा नाश वगैरे काही होत नाही. रेणू जसाच्या तसा असतो, फक्त त्याची सोय लावलेली असते. या साध्या तपशिलावर पुढच्या बऱ्याच गमती आणि बरेच घोटाळे उभे आहेत.

ही साखर पहिल्यांदा हाती लागली ती कापरामुळे. १८७९ साली स्ट्रासबर्गमध्ये श्मीडेबर्ग आणि हान्स मायर यांनी कुत्र्यांना कापूर खाऊ घातला आणि त्यांच्या लघवीतून कापराला जोडलेलं हे आम्ल वेगळं काढलं. ग्रीक भाषेत गोडाला जो शब्द आहे आणि लघवीला जो शब्द आहे, ते दोन जोडून त्याचं नाव पडलं. आम्ल सापडलं, पण यकृत ते चिकटवतं कसं हे कळायला आणखी पाऊणशे वर्षं गेली. १९५३ साली डटन आणि स्टोरी यांनी दाखवलं की हे आम्ल मोकळं वावरत नाही. यूडीपी नावाच्या वाहकाच्या खांद्यावर बसूनच ते कामाला येतं, आणि यूजीटी त्याला तिथून उतरवून पाहुण्याच्या हातावर ठेवतं. हा माल येतो कुठून? यकृतातल्या ग्लुकोजमधूनच. म्हणजे प्रत्येक गोळीच्या पाठवणीला थोडी साखर खर्ची पडते.

माणसाच्या शरीरात यूजीटीचे वीसेक प्रकार आहेत आणि त्यांत एक मजेदार कुटुंब आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर एकाच जागी नऊ विकरांची कृती लिहिलेली आहे. प्रत्येकाचं तोंड वेगळं, धड मात्र सगळ्यांचं एकच. तोंडानं पाहुणा पकडायचा, धडानं साखर धरायची. तोंड बदललं की पाहुणा बदलतो. यकृताप्रमाणे मूत्रपिंडात आणि आतड्याच्या अस्तरातही हे कारखाने चालू असतात, त्यामुळे काही पदार्थांना आतड्याच्या दारातूनच निरोप मिळतो.

या नऊ जणांतला थोरला यूजीटी-१ए१. त्याचं मुख्य काम औषधांचं नाहीच, ते घरचं आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवसांनी संपतात, त्यांतल्या हिमोग्लोबिनपासून बिलीरुबिन हा पिवळा पदार्थ होतो. मोठ्या माणसात रोज २५० ते ३०० मिलिग्रॅम. बिलीरुबिनचा रेणू अंग चोरून, स्वतःचीच घडी घालून बसतो. पाण्याशी जमवून घेणारी त्याची टोकं आतल्या आत एकमेकांना धरून असतात, म्हणून तो विरघळत नाही. यूजीटी-१ए१ त्याच्या दोन्ही हातांवर साखर ठेवतं, घडी उलगडते, आणि तो पित्तातून चालता होतो. शरीरात हे काम करू शकणारं दुसरं विकर नाही म्हटलं तरी चालेल.

काविळीच्या तपासणीच्या कागदावर ‘टोटल’, ‘डायरेक्ट’ आणि ‘इनडायरेक्ट’ अशा तीन ओळी असतात. त्यांचा उलगडा इथे होतो. हायमान्स व्हान डेन बर्ग या डच वैद्यानं १९१६च्या सुमारास पाहिलं की काही रुग्णांच्या रक्तातलं बिलीरुबिन तपासणीच्या रसायनाशी थेट अभिक्रिया करतं, तर काहींच्या रक्तात आधी अल्कोहोल घालावं लागतं. थेट ते डायरेक्ट, आडवळणानं ते इनडायरेक्ट. हे असं का, हे जवळजवळ चाळीस वर्षं कुणाला सांगता येत नव्हतं. १९५६-५७मध्ये कळलं, की डायरेक्ट म्हणजे साखर मिळालेलं आणि इनडायरेक्ट म्हणजे अजून रांगेत उभं असलेलं. कागदावरची ही एक ओळ डॉक्टरांना सांगते की अडथळा साखर लावण्याच्या आधी आहे की नंतर.

आता अशी कल्पना करा. एक धडधाकट तरुण नोकरीच्या वैद्यकीय तपासणीला जातो. बिलीरुबिन १.२च्या आत हवं, ते निघतं २.१, सगळं वाढलेलं इनडायरेक्ट. यकृताच्या बाकी चाचण्या स्वच्छ. घरात धावपळ सुरू होते. कुणी बिनतेलाचं जेवण सुचवतं, कुणी गावाकडून काविळीची माळ आणतं, ती छातीपर्यंत उतरली की कावीळ उतरली म्हणायचं. (माळ वाढते ती काड्या सुकून गाठी सैल होतात म्हणून; पण ते असो.) महिन्याभरानं पुन्हा तपासलं तरी आकडा तोच. कारण ही कावीळच नव्हे, हा गिल्बर्ट सिंड्रोम. पॅरिसच्या ऑगस्तँ गिल्बर्ट यांनी १९०१मध्ये त्याचं वर्णन केलं आणि १९९५ साली त्याचं मूळ सापडलं. यूजीटी-१ए१च्या जनुकाच्या अलीकडे, काम सुरू करण्याची सूचना जिथे असते तिथे, टी आणि ए ही अक्षरजोडी बहुतेकांत सहा वेळा येते. या मंडळींत ती सात वेळा येते, आई आणि वडील दोघांकडून. एवढ्यानं विकर कमी बनतं आणि त्याचं काम नेहमीच्या सुमारे ३० टक्क्यांवर येतं. शंभरात पाच-दहा माणसं तरी अशी असतात आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ता नसतो. त्यानं बिघडत काहीच नाही. बिनतेलाचं जेवण तर अगदीच नको.

या मंडळींचे डोळे पिवळसर कधी दिसतात? तापात, फार दमल्यावर आणि उपासात. एके काळी गिल्बर्टचं निदान करायला रुग्णाला दोन दिवस जेमतेम ४०० कॅलरीवर ठेवत, आणि बिलीरुबिन चढलं की निदान पक्कं. आपल्याकडे एकादशी दुप्पट खाशी असल्यामुळे साबुदाण्याच्या खिचडीवर ही चाचणी जमणार नाही, ती निराळी गोष्ट. पण निर्जळी उपासानं शरीरातली ‘घाण’ धुऊन निघते असं सांगणाऱ्या ‘डिटॉक्स’च्या जाहिराती पाहिल्या की मला हा प्रयोग आठवतो. उपाशी उंदरांच्या यकृतात तर ग्लुकुरोनिक आम्लाचा साठाच घटलेला आढळतो. उपास श्रद्धेनं करावा, आवडीनं करावा; यकृताला मदत म्हणून करू नये. त्याला साखर लागते.

यूजीटी-१ए१ जवळजवळ पूर्णच नसेल तर मात्र खेळ उरत नाही. १९५२ साली बाल्टिमोरमध्ये क्रिगलर आणि नजार यांनी अशा अर्भकांची नोंद केली. बिलीरुबिन चढत जातं, मेंदूत साठतं. अशा मुलांना रोज दहा-बारा तास निळ्या दिव्यांखाली झोपावं लागतं, आणि यकृताचं प्रत्यारोपण हाच त्यावरचा खात्रीचा इलाज राहिलेला आहे.

निळा दिवा बहुतेक मराठी घरांना ठाऊक असतो, कारण घरातलं एखादं बाळ ‘पेटीत’ ठेवलेलं असतं. पूर्ण दिवसांच्या बाळांतही निम्म्याहून जास्त बाळं पहिल्या आठवड्यात पिवळी दिसतात. पोटात असताना बिलीरुबिनची सोय आईचं यकृत लावतं. साखर लावलेलं बिलीरुबिन वारेतून पलीकडे जाऊ शकत नाही, बिनसाखरेचं जातं, म्हणून बाळाचं यूजीटी-१ए१ मुद्दाम झोपवून ठेवल्यासारखं असतं. जन्माच्या वेळी त्याचं काम मोठ्या माणसाच्या शेकडा एक इतकंच. पूर्ण जोमाला यायला तीनेक महिने लागतात. त्यातच गर्भातल्या जादा तांबड्या पेशी याच दिवसांत मोडीत निघतात. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.

यावरचा उतारा सापडला एका परिचारिकेला. इंग्लंडमधल्या एसेक्सच्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणातल्या उन्हात फिरवून आणत. १९५६ साली एका बाळाच्या पोटावरचं पांघरूण बाजूला करून त्यांनी डॉक्टरांना दाखवलं, की ऊन लागलेली कातडी उजळली आहे आणि कापडाखालचा कोपरा पिवळाच आहे. पुढे तिथेच उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नळीतलं बिलीरुबिन उतरलेलं आढळलं, आणि १९५८मध्ये क्रेमर आणि सहकाऱ्यांनी ही उपचारपद्धती ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. प्रकाश नेमकं काय करतो ते नंतर उमगलं. तो बिलीरुबिनच्या रेणूला असा पीळ देतो की त्याची घडी उलगडते आणि साखरेशिवायच तो पाण्यात उतरतो. विकर जागं होईपर्यंतची बदली ड्यूटी निळा दिवा करतो.

त्याच काळात याच अर्धवट जाग्या यकृताचा विसर पडून फार मोठी किंमत मोजली गेली. क्लोरॅम्फेनिकॉल हे १९४७ साली सापडलेलं प्रतिजैविक. आजचे आजी-आजोबा विषमज्वरात याच्याच गोळ्या खाऊन वाचलेले आहेत. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून ते अपुऱ्या दिवसांच्या बाळांनाही वजनाच्या हिशेबानं दिलं जाई. बाळांची पोटं फुगत, ओकाऱ्या होत, अंग राखेसारखं करडं पडे आणि काही तासांत बाळ जाई. १९५९ साली लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी हिशेब छापला. ज्या बाळांना हे औषध दिलं नव्हतं त्यांत दगावण्याचं प्रमाण पाचांत एकच्या आसपास होतं, ज्यांना दिलं होतं त्यांत निम्म्याहून बरंच जास्त. औषध भेसळीचं नव्हतं की मात्रेचं गणित चुकलेलं नव्हतं. क्लोरॅम्फेनिकॉल शरीराबाहेर जातं ते मुख्यतः ग्लुकुरोनिक आम्ल लावून, आणि ते लावणारे हातच अजून तयार नव्हते. लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नव्हे, हे बालरोगशास्त्र अशा मृत्यूंतून शिकलं.

मग नवजात बाळांना पॅरासिटामॉलचे थेंब कसे चालतात? कारण शरीराकडे निरोपाची दुसरीही रीत आहे, सल्फेट लावण्याची, आणि ती बाळांत जन्मापासूनच चांगली चालते. मोठेपणी पॅरासिटामॉलचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग ग्लुकुरोनिक आम्ल घेऊन जातो, तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास सल्फेट घेऊन, आणि उरलेल्या पाच-दहा टक्क्यांचं एक विखारी रूप बनतं, ते ग्लुटाथायोन नावाचा तिसरा पहारेकरी आवरतो.

मांजराकडे पहिली वाट नाही. पॅरासिटामॉलसारखे पदार्थ पकडणारं जे यूजीटी-१ए६, त्याचं जनुक मांजरात मोडून पडलेलं आहे. अक्षरं आहेत, पण वाचून उपयोग नाही. वाघ-सिंहांसकट सगळ्या मार्जारकुळाची हीच कथा. यामागचं पटणारं कारण असं: झाडं आपल्या बचावासाठी पानाफळांत नाना कडू-विषारी संयुगं भरून ठेवतात, पाला खाणाऱ्याला यूजीटी हवंच. मुंगेरच्या गाईचं उदाहरण समोर आहेच. पण निव्वळ मांसावर जगणाऱ्याला त्याचा काय उपयोग? वापर नसलेलं जनुक पिढ्यान्‌पिढ्या मोडत गेलं, कुणाचं काही अडलं नाही. अडलं ते माणसाच्या घरात औषधांचा डबा आला तेव्हा. ताप आलेल्या मांजराला मायेपोटी दिलेली ५०० मिलिग्रॅमची एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते. सल्फेटची वाट लगेच तुंबते, विखारी रूप साठतं, रक्तातलं हिमोग्लोबिन निकामी होतं, हिरड्या तपकिरी पडतात. पशुवैद्याला विचारल्याशिवाय मांजराला माणसाची एकही गोळी देऊ नका, अर्धी सुद्धा.

आता थोडं सह्याद्रीत येऊ. कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या घाटांतल्या जंगलात नरक्या नावाचं झाड आहे. लाकडाला घाण वास येतो म्हणून हे नाव. या झाडात कॅम्प्टोथेसिन असतं. ते मुळात सापडलं एका चिनी झाडात, १९६६ साली, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात, मन्‍रो वॉल आणि मनसुख वाणी यांना. हे वाणी जन्मानं नंदुरबारचे आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले. टॅक्सॉल हे कर्करोगावरचं दुसरं मोठं औषधही याच जोडीचं. नरक्यात कॅम्प्टोथेसिन भरपूर आहे हे १९७२मध्ये कळलं आणि पुढे या झाडाची चोरटी तोड इतकी झाली की वनखात्याला त्याच्यामागे धावावं लागलं. कॅम्प्टोथेसिनपासून जपानमध्ये इरिनोटेकन बनलं, मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरचं आजचं नेहमीचं औषध.

इरिनोटेकन शरीरात गेल्यावर त्याचं एसएन-३८ हे शेकडो पटींनी जहाल रूप होतं. कर्कपेशी मारतं ते हेच, आणि याला साखर लावून बाहेर काढतं कोण? आपलं ओळखीचं यूजीटी-१ए१. म्हणजे तो २.१ बिलीरुबिनवाला तरुण, ज्याला आयुष्यभर काही झालं नाही, उद्या दुर्दैवानं त्याला हे औषध घ्यावं लागलं, तर नेहमीची मात्रा त्याला जास्त ठरू शकते: पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात. २००५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या औषधाच्या माहितीपत्रकात तशी सूचना घातली. सातव्यांदा आलेली टी-ए ही अक्षरजोडी तोवर निरुपद्रवी होती. कर्करोगाच्या वॉर्डात ती मात्रा ठरवू लागली.

पण इरिनोटेकनची कथा यकृतापाशी संपत नाही. साखर लावलेलं एसएन-३८ पित्तातून आतड्यात उतरतं, आणि तिथे राहणाऱ्या जिवाणूंना साखर दिसते. त्यांच्याकडे ती सोडवून घेणारं विकर असतं, बीटा-ग्लुकुरोनिडेज. जिवाणू साखर खातात आणि जहाल एसएन-३८ पुन्हा मोकळं सुटतं, तेही थेट आतड्याच्या भिंतीशी. या औषधानं होणारे भयंकर जुलाब मोठ्या प्रमाणात यातून येतात. २०१० साली नॉर्थ कॅरोलायनातल्याच मॅथ्यू रेडिन्बो यांच्या चमूनं फक्त जिवाणूंचं हे विकर रोखणारे पदार्थ शोधले, आणि उंदरांचे जुलाब थांबले. योगायोग असा की इरिनोटेकन तयार केलं ते याकुल्ट या जपानी कंपनीनं, जी आपल्याला ठाऊक आहे आतड्यातल्या जिवाणूंच्या छोट्या बाटल्यांमुळे.

साखर लावली म्हणजे विष निवलं, हा समज मॉर्फिनही खोटा ठरवतं. मॉर्फिनच्या रेणूवर साखर चिकटायला दोन जागा आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या जागी चिकटली तर वेदनाशामक गुण जातो. सहाव्या जागी चिकटली तर जे बनतं ते मॉर्फिनइतकंच, किंबहुना त्याहून प्रबळ वेदनाशामक असतं. मूत्रपिंड ठीक असेल तर ते निघून जातं. मूत्रपिंड निकामी असलेल्या रुग्णात ते साठत राहतं आणि नेहमीच्या मात्रेतही रुग्ण गुंगीत जातो, श्वास मंदावतो. म्हणून अशा रुग्णांसाठी डॉक्टर शक्यतो दुसरं औषध निवडतात.

खेळाडूंच्या उत्तेजक द्रव्यांच्या चाचण्यांतही यूजीटीनं गोंधळ घातलेला आहे. टेस्टोस्टेरॉनला साखर लावणारं यूजीटी-२बी१७ काही माणसांत जन्मतःच नसतं. अशा लोकांचं प्रमाण स्वीडिश पुरुषांत दहांत एकच्या आसपास, तर कोरियन पुरुषांत दोन तृतीयांश आढळलं. लघवीतल्या ज्या गुणोत्तरावरून खेळाडू पकडायचा, ते अशा माणसात टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतल्यावरही वाढेलच असं नाही. आता खेळाडूची तुलना त्याच्या स्वतःच्याच जुन्या नोंदींशी करतात ती यामुळेही.

राहिली हळद. हळदीतला करक्युमिन पोटात गेला की आतड्याची भिंत आणि यकृत त्याला इतक्या तत्परतेनं साखर देऊन वाटेला लावतात की रक्तात तो सापडणं मुश्किल. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी दोन ग्रॅम करक्युमिनबरोबर मिरीतलं पायपेरिन वीस मिलिग्रॅम दिलं, तेव्हा रक्तात पोचणारा करक्युमिन २,००० टक्क्यांनी वाढला. पायपेरिन यूजीटीच्या कामात आडवं येतं. तेव्हापासून हा आकडा व्हॉट्सॲपवर फिरतो आहे: हळदीच्या दुधात मिरी घाला, वीस पट गुण! थोडा हिशेब करू. हळदीत करक्युमिन शेकडा तीनच्या आसपास. दोन ग्रॅम करक्युमिनसाठी पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद लागेल. पेल्यात आपण टाकतो चिमूटभर. आणि मुळात जवळजवळ शून्य असलेल्याची वीस पट किती होते? दूध चवीसाठी प्या, घशाला बरं वाटतं म्हणून प्या, मिरीही घाला. गोळ्यांची गोष्ट वेगळी. करक्युमिनचा अर्क आणि पायपेरिन एकत्र ठासलेल्या गोळ्या म्हणजे पाहुण्याला आत घेऊन बाहेरचं दार लोटून घेणं. अमेरिकेतल्या औषधजन्य यकृतविकारांच्या नोंदणीत हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झालेले दहा रुग्ण २०२२मध्ये नोंदले गेले, आणि त्यांतल्या काही गोळ्यांत मिरीचा अर्क सापडला.

दार लोटण्याचं हे काम औषधंही एकमेकांसाठी करतात. अपस्मारावरचं लॅमोट्रिजीन जवळजवळ सगळं यूजीटीच्या हातून बाहेर जातं. त्याच्या जोडीला व्हॅलप्रोएट सुरू केलं तर ते या विकराला अडवून धरतं आणि लॅमोट्रिजीनचा शरीरातला मुक्काम दुपटीच्या घरात जातो. मग अंगभर फोड उठण्याच्या गंभीर प्रतिक्रियेचा धोका वाढतो. म्हणून या जोडीत डॉक्टर लॅमोट्रिजीनची सुरुवात निम्म्या मात्रेनं करतात. उलट, इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी विकराला कामाला लावते आणि लॅमोट्रिजीनची रक्तातली पातळी निम्म्यावर येऊ शकते. दोन वर्षं झटका न आलेल्या मुलीचं लग्न होतं, ती गोळ्या सुरू करते, आणि झटका परत येतो. घरचे जागरण, दगदग, नाहीतर नजर यांना बोल लावतात. गर्भनिरोधक गोळीचा उल्लेख तिनं अपस्माराच्या डॉक्टरांपाशी केलेला नसतो, कारण ती ‘त्या’ दुखण्याची नव्हे.

तेव्हा डॉक्टरांनी “अजून काही घेता का?” असं विचारलं की “नाही, काही नाही” म्हणू नका. घरात जे जे तोंडात जातं, गर्भनिरोधक गोळी, हळदीचा अर्क, शेजारच्या काकूंनी दिलेलं चूर्ण, ते एका चिठ्ठीवर लिहून न्या. आणि बिलीरुबिन पूर्वी कधी थोडं वाढलेलं निघालं असेल, तर तो जुना कागद फेकून न देता फाइलमध्ये वरच ठेवा.